बिनपंखी फुलकिड्याची जगभ्रमंती

कांदा, मिरची किंवा द्राक्ष लावणाऱ्याला फुलकिडे म्हणजे काय हे सांगायला नको. कांद्याची पात पांढरट दिसू लागली की पहिला संशय त्यांच्यावरच जातो. या एवढ्याशा किड्यांच्या पंखांना कडेने बारीक केसांची झालर असते. त्या झालरीवरूनच आयरिश कीटकशास्त्रज्ञ अलेक्झांडर हॅलिडे याने १८३६ साली त्यांचा स्वतंत्र गण मांडला. गंमत म्हणजे, त्याच वर्षी त्याने पंखांचा पत्ताच नसलेल्या एका फुलकिड्याचंही वर्णन केलं.

तो ॲप्टिनोथ्रिप्स रुफस. मूळचा युरोपातल्या गवतातला, पिवळसर, लांबी मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त. भिंगाखाली धरला तर पंख नाहीतच, शिवाय पंखवाल्या फुलकिड्यांच्या माथ्यावर असणारे तीन साधे डोळेही नाहीत. तोंड मात्र अस्सल फुलकिड्याचं, म्हणजे एकांगी. उजवा जबडा वाढतच नाही. डाव्या जबड्याने पात्याला भोक पाडायचं आणि पेशीतला रस ओढून घ्यायचा. रिकाम्या पेशींत हवा शिरते आणि पात्यावर चंदेरी ओरखडे उमटतात.

अन्न पायाखालीच पसरलेलं असताना पंख पोसायचे कशाला? इथवर ठीक. पण हा पायी चालणारा प्राणी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथवर पोचलाय! चारा आणि गवताबरोबर गेला असणार, हे उघड आहे. तरी नुसतं पोचून भागत नाही, वंश वाढायला जोडीदार लागतो.

खरी मेख तिथेच आहे. ॲप्टिनोथ्रिप्स या प्रजातीच्या चारही जातींचा अभ्यास २०१४ साली ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला. रुफसची काही घराणी नर-मादीची, तर काहींत माद्या नराविनाच मुली जन्माला घालतात. नर-मादीवाली घराणी मर्यादित टापूत अडकून पडली. जग पादाक्रांत केलं ते नराविना वाढणाऱ्यांनी. एकच मादी भाऱ्यातून गेली तरी वसाहत उभी राहते. माझ्या मते पंखांची उणीव तिने अशी भरून काढली.

प्रतिजैविकं देऊन पाहिल्यावर कळलं, की रुफसमधला हा कारभार शरीरात राहणाऱ्या जीवाणूंचा आहे. संशय अर्थातच कीटकांच्या प्रजननात ढवळाढवळ करणाऱ्या वोल्बाकिया या जीवाणूवर गेला. पण नराविना वाढणाऱ्या माद्यांपैकी ६९ टक्क्यांमध्येच तो सापडला. बाकीच्यांत दुसराच कोणी जीवाणू आहे, की वोल्बाकिया आपलं काम करून निघून गेला, याचा निकाल त्या अभ्यासात लागला नाही.