पंचवीस अश्वशक्तीची वेस

अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरची कितीतरी मॉडेलं २५ अश्वशक्तीच्या जेमतेम खाली का थांबतात? कारण धुराच्या नियमांत आहे. ‘टियर ४’ मानकांनुसार १९ किलोवॅटखालच्या, म्हणजे साधारण २५ अश्वशक्तीपर्यंतच्या डिझेल इंजिनाला दर किलोवॅट-तासामागे ०.४० ग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा आहे. त्याच्या लगेच वरच्या इंजिनांना, २०१३पासून, फक्त ०.०३. एवढी काजळी अडवायला अनेकदा धुराच्या वाटेत गाळणी बसवावी लागते. ती भरली की तापवून आतली काजळी जाळायची. इंजिन सतत मंद चालवलं तर ती लवकर तुंबते. भारतात ही वेस ५० अश्वशक्तीची: जानेवारी २०२३चे कडक नियम तिच्यावरच्याच ट्रॅक्टरांना. आपल्या द्राक्षबागांतले छोटे ट्रॅक्टर त्यातून सुटले. फुप्फुसांना मात्र ही सवलत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.