घर सोडणारी मुले आणि भावबंध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूल आणि त्याला सांभाळणारी माणसे यांच्यात जडणाऱ्या नात्याला मानसशास्त्रात अटॅचमेंट, म्हणजेच भावबंध म्हणतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हा सिद्धांत मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडा आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बाळांचे निरीक्षण करून सुरक्षित, चिंताग्रस्त आणि टाळणारा असे त्याचे प्रकार ओळखले. बारावीनंतर मुले वसतिगृहात राहायला जातात, तेव्हा या भावबंधाची नव्याने कसोटी लागते.

गैरसमज: आईवडिलांशी घट्ट जोडलेली मुले बाहेर टिकत नाहीत.
वस्तुस्थिती: आई जवळ आहे या भरवशावरच बाळ नव्या खोलीत रांगत फिरते, हे एन्सवर्थ यांना दिसले. घरचा आधार पक्का असलेला तरुणही तसाच निर्धास्तपणे नवे शहर आणि नवी माणसे आपलीशी करतो.

गैरसमज: घराबाहेर करमत नाही, म्हणजे मूल कमकुवत आहे.
वस्तुस्थिती: सुरक्षित भावबंध असलेली बाळेही आई खोलीबाहेर गेल्यावर अनेकदा रडतात. आई परतल्यावर मात्र लवकर शांत होऊन पुन्हा खेळू लागतात. वसतिगृहातही तसेच: घरच्यांशी बोलून मन हलके होत असेल आणि मूल पुन्हा अभ्यासाला लागत असेल, तर रोजच्या फोनची काळजी नको. फोन ठेवल्यावरही जीव थाऱ्यावर येत नसेल, तर ते चिंताग्रस्त भावबंधाचे लक्षण असू शकते.

गैरसमज: कधीच तक्रार न करणारे मूल सर्वांत स्वावलंबी.
वस्तुस्थिती: काही मुले खरोखरच रमलेली असतात. पण टाळणाऱ्या प्रकारातील बाळे वरवर शांत दिसत असतानाही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले आहेत. दर वेळी ‘सगळं ठीक आहे’ एवढेच सांगणारा मुलगाही ताण एकट्याने सोसत असू शकतो.

गैरसमज: लहानपणी जडलेली भावबंधाची शैली जन्मभर तशीच राहते.
वस्तुस्थिती: या शैली म्हणजे आजार नव्हेत आणि त्या कायमच्याही नसतात. बोल्बी यांच्या मते भावबंधाची गरज आयुष्यभर असते आणि नव्या अनुभवांनी नात्यांविषयीच्या अपेक्षा बदलू शकतात. भरवशाचा मित्र किंवा समजूतदार शिक्षक हा बदल घडवू शकतो. पालकही घडवू शकतात. विषय राहिल्याचे मुलीने फोनवर सांगितल्यावर रागावण्याआधी तिचे ऐकून घेतले, तर पुढची अडचणही ती घरी सांगते.