तबकडीचा दूरध्वनी

घराच्या माळ्यावर, जुन्या बाजारातील एखाद्या दुकानात किंवा कचेरीच्या अडगळीच्या खोलीत कधी कधी एक काळा, जड दूरध्वनी पाहावयास मिळतो. त्याच्या पुढील बाजूस दहा छिद्रांची वाटोळी तबकडी असते. अशी यंत्रे शोधून आणणारे, ती दुरुस्त करून पुन्हा बोलती करणारे आणि त्यांचा संग्रह करणारे लोक आज अनेक देशांत आहेत. ज्या यंत्राची जागा खिशात मावणाऱ्या दूरध्वनीने घेतली, त्यासाठी एवढे श्रम कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर मिळण्यासाठी हे यंत्र कसे चालते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी कोणाशी बोलावयाचे हे केंद्रातील माणसाला सांगावे लागे आणि तो हाताने दोन तारा जोडून देई. हा मध्यस्थ दूर करण्याची युक्ती ॲल्मन स्ट्रौजर या अमेरिकन गृहस्थाने काढली. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय होता. केंद्रात काम करणारी एक स्त्री आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा संशय आल्याने त्याने आपोआप चालणाऱ्या केंद्राचा ध्यास घेतला, असे सांगतात. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ साली अमेरिकेतील ला पोर्ट या गावी तसे केंद्र सुरू झाले. केंद्राला क्रमांक कळविणारी तबकडी त्याच्या सहकाऱ्यांनी १८९६ साली योजिली. पुढे ती जगभर पसरली. भारतात १९४८ साली बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना स्थापन झाला आणि तबकडीचे दूरध्वनी आपल्या देशातही तयार होऊ लागले.

या तबकडीची करामत मोठी मनोरंजक आहे. आपण ५ या आकड्याच्या छिद्रात बोट घालून तबकडी अडणीपर्यंत फिरवितो, तेव्हा आत एक स्प्रिंग गुंडाळली जाते. बोट काढताच स्प्रिंग तबकडीला मागे ओढते. परतताना तबकडी तारेतील विजेचा प्रवाह पाच वेळा तोडते व जोडते. केंद्रातील यंत्र हे पाच झटके मोजते व तितकी पावले सरकते. शून्यासाठी मात्र दहा झटके द्यावे लागतात. म्हणून शून्याचे छिद्र अडणीपासून सर्वांत दूर असते.

हे झटके सेकंदाला सुमारे १० या गतीने जावे लागतात. परंतु कोणी तबकडी घाईने फिरवील, कोणी सावकाश. म्हणून झटके जातात ते तबकडी परतताना. तेव्हा तिची गती माणसाच्या हाती नसते. ती एका लहानशा नियंत्रकाच्या हाती असते. त्यात दोन छोटी वजने असतात. तबकडी वेगाने परतू लागली की ती बाहेर फेकली जातात व भोवतालच्या वाटीला घासून वेग रोखतात. गाडी उतारावर पळू लागताच गाडीवानाने कासरा ओढावा, तसेच हे आहे.

आता दुरुस्तीचा विचार करू. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील तेल चिकट होते आणि तबकडी रेंगाळू लागते. याची परीक्षा सोपी आहे. शून्य फिरवून सोडावे. तबकडी एका सेकंदाहून किंचित अधिक वेळात परतली पाहिजे. ती फार वेळ घेत असेल, तर केंद्र आकडा चुकीचा मोजते. यंत्र उघडण्यापूर्वी ते भिंतीवरील तारेपासून अलग करावे, कारण घंटा वाजविणारी वीज चांगलाच झटका देते. नंतर प्रत्येक तार कोठे जोडली आहे याचे चित्र काढून ठेवावे. अक्षांवर पातळ तेलाचा अगदी लहान थेंब पुरे. तोच थेंब नियंत्रकाच्या वजनांवर पडला, तर घर्षण नाहीसे होऊन तबकडी उधळते. बोलण्याच्या बाजूस कोळशाचे कण भरलेली डबी असते. आवाजाने हे कण दाबले जातात व सैल होतात, त्याबरोबर विजेचा प्रवाह कमीअधिक होतो. कण एकमेकांना चिकटले म्हणजे आवाज मंद येतो. पुष्कळदा डबी हलके ठोठावली तरी तो मोकळा होतो.

बाहेरील काळे कवच बॅकेलाइटचे असते. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेले हे कृत्रिम द्रव्य, बहुधा लाकडाचा भुसा मिसळून, तापलेल्या साच्यात दाबून घडवीत. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पण ती चकाकी वरच्या पातळ थरापुरतीच असते. उतावळा मनुष्य पॉलिश पेपरने घासतो; चकाकी कायमची जाते आणि आतील भुसकट थर उघडा पडतो. ओलसर फडके, सौम्य साबण आणि थोडे मेण एवढ्याने बहुतेक काम भागते.

येथेच खऱ्या संग्राहकाची पारख होते. मळ कोणता आणि खूण कोणती, हे त्याला ओळखावे लागते. धूळ व गंज काढलेच पाहिजेत. परंतु तबकडीच्या मध्यभागी कागदावर शाईने लिहिलेला जुना क्रमांक, वारंवार बोटे लागून झिजलेले आकडे, तळाशी उमटविलेले वर्ष, ही त्या यंत्राची जन्मपत्रिका होय. ती पुसली की यंत्र चकचकीत दिसते, पण मुके होते. म्हणून जाणकार संग्राहक बदललेला जुना भागही टाकून देत नाही. तो चिठ्ठी लावून जपून ठेवतो. यंत्र कोठून आले, कोणत्या कामी होते, त्यात काय बदलले, याची तो नोंद करतो. अशी नोंद नसलेल्या शंभर यंत्रांपेक्षा नोंद असलेली पाच यंत्रे अधिक मोलाची ठरतात.

आजची अनेक केंद्रे तबकडीचे झटके ओळखत नाहीत. तेथे झटक्यांचे सुरांत रूपांतर करणारे छोटे उपकरण जोडावे लागते. पण केंद्र नसले तरी हे यंत्र बोलू शकते. दुरुस्त केलेले असे दोन दूरध्वनी आणि एक लहान बॅटरी एकाच तारेच्या फेऱ्यात जोडली, की एका वर्गातील मुलगा दुसऱ्या वर्गातील मुलाशी बोलू शकतो. या जोडणीत घंटा वाजत नाही, परंतु आवाज तारेतून कसा जातो हे मुलांना हाताळून समजते. आजचा दूरध्वनी उघडला तर त्याचे कार्य डोळ्यांना दिसत नाही. या जुन्या यंत्रात प्रत्येक चाक आपले काम उघडपणे करीत असते. अशी यंत्रे उघडून नीट बसविणारे कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हाताखाली बसून ही विद्या शिकून घेणारे कोणी निघाले नाही, तर कपाटात यंत्रे उरतील, पण त्यांची भाषा जाणणारा कोणी उरणार नाही.