जंक फोल्डरमधील रिपोर्ट

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला. लेखाचे निमंत्रण पाठवून दहा दिवस झाले तरी उत्तर नाही, अशी त्यांची प्रेमळ तक्रार होती. निमंत्रण मला मिळालेच नव्हते. "जंकमध्ये पाहा," ते म्हणाले. जेवता जेवताच मोबाइल उघडला. एकाच वेळी चाळीस जणांना धाडलेले ते पत्र लॉटरीची बक्षिसे, बिनतारण कर्जे आणि टक्कल घालवणारी तेले यांच्या पंगतीला बसले होते. त्याच पंगतीत, चार ओळी खाली, आणखी एक पत्र होते. ते वाचले आणि पुढ्यातले ताट तसेच राहिले.

तो एका नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट होता. बाजवा स्टेशनजवळील माझ्या दवाखान्यातून बाळाच्या तिसऱ्या दिवशी नमुना गेला होता आणि सातव्या दिवशी प्रयोगशाळेने उत्तर पाठवले होते. टीएसएच शंभराच्या वर! मी ते वाचत होतो तेव्हा बाळ तेरा दिवसांचे झाले होते.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. जन्मतःच थायरॉइड ग्रंथी काम करत नसेल, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आईकडून आलेले संप्रेरक सुरुवातीला पुरत असल्याने बाळ दिसायला अगदी निरोगी असते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात, खेळतात. उशीर झाला तर बुद्धीची हानी पुढे भरून येत नाही.

मधल्या काळात आमच्या रिसेप्शनिस्टने बाळाच्या आईचे नाव टाकून इनबॉक्स धुंडाळला होता. जीमेलमधील साधा शोध स्पॅम फोल्डरात डोकावत नाही, हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. रिपोर्ट आला नाही म्हणजे तो नॉर्मलच असणार, अशी मी मनाची समजूत घातली. हाताखालच्या डॉक्टरांना पंचवीस वर्षे जे करू नका म्हणून बजावले, ते मीच केले होते.

बाळाचे वडील कारखान्यात पाळीवर होते, फोन लागेना. केसपेपरवरचा पत्ता घेऊन स्कूटर काढली. बाळ आजीच्या मांडीवर झोपले होते. "डॉक्टरसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेतलात? फार शहाणं बाळ आहे आमचं. रडत नाही, काही नाही. उठवावं तेव्हाच दूध पितं," त्या कौतुकाने म्हणाल्या. बाळाच्या डोळ्यांत अजून कावीळ होती. त्यांच्या दृष्टीने जे शहाणपण, ते माझ्या दृष्टीने लक्षण होते. खात्रीसाठी शिरेतील रक्त घेतले आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता, वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम या हिशेबाने लेव्होथायरॉक्सिनची गोळी आईच्या दुधात कुस्करून चमच्याने त्याच संध्याकाळी सुरू केली.

रात्री मात्र झोप लागली नाही. फिल्टरवर रागावलो होतो, म्हणून त्याचे काम चालते कसे हे वाचायला बसलो. नको असलेल्या पत्रांचा इतिहास माझ्या कल्पनेपेक्षा जुना निघाला. 3 मे 1978 रोजी गॅरी थुअर्क या संगणक-विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली, तिला या प्रकाराची आद्य म्हणतात. त्याहून मोठे आश्चर्य पुढे होते. 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम यांच्या निबंधामुळे गाजलेली गाळणीची पद्धत थॉमस बेझ यांच्या सिद्धांतावर उभी आहे. बेझ यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झालेला हा सिद्धांत आपण पीएसएमच्या परीक्षेपुरता पाठ केला आणि ओपीडीत नकळत रोज वापरतो. एकेका लक्षणाने रोगाची शक्यता किती वाढली, हेच फिल्टरही पाहतो. त्याची लक्षणे म्हणजे पत्रातील शब्द; आजचे फिल्टर त्याखेरीज पाठवणाऱ्याची ओळख आणि इतर ग्राहकांच्या तक्रारीही तपासतात. माझ्या रिपोर्टच्या विषयात मोठ्या अक्षरांत 'अर्जंट' लिहिलेले, सोबत कुलूपबंद फाइल, आणि पत्ता पूर्वी कधी न आलेला, कारण प्रयोगशाळेने तो नुकताच बदलला होता. इतकी लक्षणे एकत्र पाहून मीही तेच निदान केले असते!

चाळणी-तपासणीत आपण टीएसएचची मर्यादा जाणून खाली ठेवतो. चार निरोगी बाळांना पुन्हा बोलवावे लागले तरी चालेल, पण एक आजारी बाळ सुटता कामा नये. फिल्टरलाही चूक कोणत्या बाजूला झालेली परवडते हे ठरवावे लागते. परंतु कोणत्या पत्राची किंमत काय, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. साडीच्या सेलचे पत्र आणि बाळाचा रिपोर्ट त्याच्या तराजूत सारखेच.

तेव्हापासून जंक फोल्डर उघडणे हे सकाळच्या राउंडचाच भाग झाले आहे. जीमेल तेथील पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसते, म्हणून आठवड्यावर टाकणे मला धोक्याचे वाटते. चुकून अडकलेल्या पत्रावर 'नॉट स्पॅम' दाबतो, म्हणजे फिल्टर शिकतो. प्रयोगशाळांच्या पत्त्यांसाठी सेटिंगमध्ये 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' असा नियम लावून ठेवला आहे. खऱ्या पेढीची नकोशी जाहिरात असेल तर 'अनसब्स्क्राइब' करतो. अनोळखी पत्रातील त्या दुव्याला मात्र हात लावत नाही, कारण आपला पत्ता जिवंत आहे याची ती पावतीच ठरू शकते. पण माझी खरी भिस्त आता एका दोनशे पानी वहीवर आहे. नमुना कधी गेला, उत्तर कधी अपेक्षित, कधी आले. तिसरा रकाना रिकामा दिसला की रिसेप्शनिस्ट प्रयोगशाळेला फोन लावते. बिघडलेला रिपोर्ट फोनवर कळवल्यावाचून नुसता मेलने पाठवायचा नाही, हेही त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

गेल्या वर्षीचा लेख त्या गडबडीत राहून गेला, त्याची ही भरपाई. बाळाचे निदान पक्के ठरले. गोळी रोज चालू आहे, टीएसएच आटोक्यात आहे आणि बाळ आता वर्षाचे होत आले आहे. परवा आजी त्याला लसीसाठी घेऊन आल्या होत्या. सुई टोचताच त्याने सारा दवाखाना डोक्यावर घेतला. "डॉक्टरसाहेब, औषध जरा कमी करता येतंय का पाहा," आजी म्हणाल्या, "आता रात्रभर कुणाला झोपू देत नाही."