तालवाद्याचा नाद आणि फिल्टर

कन्नड परिसरातील एखाद्या वस्तीवर रात्री गोंधळ उभा राहिला म्हणजे दूरच्या शेतातील माणसास प्रथम संबळाचा घुमारा तेवढा ऐकू येतो. तो वस्तीच्या जवळ येऊ लागला की काठीच्या आघाताची धार स्पष्ट होत जाते, आणि अंगणात पोहोचल्यावर त्यास संपूर्ण नाद ऐकावयास मिळतो. वाद्य तेच, वादकही तोच. फरक पडला तो मधल्या भिंतींमुळे, झाडांमुळे आणि हवेमुळे. त्यांनी उच्च कंपनसंख्येचे ध्वनी बव्हंशी अडविले व नीच कंपनसंख्येचे पुढे जाऊ दिले. ध्वनिशास्त्राच्या परिभाषेत हीच फिल्टरची, म्हणजे गाळणीची, क्रिया होय. सिंथेसायझरमध्ये हे काम विद्युन्मंडलाकडून करवून घेतात. परंतु तालवाद्याच्या बाबतीत फिल्टर नादाची केवळ छाटणी करतो असे समजणे अपुरे आहे. तो पुडीचेच कार्य करू शकतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम छाटणीचा विचार करू. ज्यात सर्व कंपनसंख्या सारख्या प्रमाणात मिसळल्या आहेत अशा ध्वनीस श्वेतरव म्हणतात. जोरदार पावसाच्या सरीसारखा तो ऐकू येतो. नीचगामी फिल्टर ठरविलेल्या सीमेवरील कंपने क्षीण करतो. त्याचा उतार दर सप्तकास २४ डेसिबेल असेल, तर सीमेच्या वर एका सप्तकावर असलेल्या कंपनाचा आयाम सुमारे एक-षोडशांश उरतो. उतार १२ डेसिबेल असेल, तर एक-चतुर्थांश. आघाताच्या क्षणी ही सीमा उंच ठेवून ती त्वरेने खाली आणली म्हणजे प्रारंभी तीक्ष्ण आणि पुढे मंद होत जाणारा नाद मिळतो. खऱ्या चामड्याच्या वाद्यातही उच्च उपस्वर सामान्यतः लवकर विरतात. म्हणूनच हा नाद कानास ओळखीचा वाटतो.

आता दुसरे कार्य. फिल्टरचा अनुनाद वाढवीत नेला म्हणजे विशिष्ट कंपनसंख्येभोवती तो अधिकाधिक संवेदनशील होतो. अशा फिल्टरला एकच क्षणिक विद्युत्‌स्पंद दिला तर तो त्या कंपनसंख्येवर काही काळ निनादत राहतो. येथे स्पंद हा आघात आणि फिल्टर हीच पुडी. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या टीआर-८०८ या यंत्रातील खर्ज ढोलाचा नाद याच तत्त्वावर निर्माण होत असे. त्यात सुमारे ५० हर्ट्‌झवर निनादणारे मंडल स्पंदाने चेतविले जाई. निनाद किती टिकावा हे फिल्टरच्या गुणांकावर अवलंबून असते, आणि हा गुणांक म्हणजे पाय, कंपनसंख्या व क्षयकाल यांचा गुणाकार. आयाम मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ तो क्षयकाल. ५० हर्ट्‌झवर ०.३ सेकंद क्षयकाल हवा असल्यास गुणांक सुमारे ४७ ठेवावा लागेल. तोच गुणांक २०० हर्ट्‌झवर ठेवला, तर क्षयकाल केवळ ०.०७५ सेकंद होईल.

एका फिल्टरने ढोल साधला, तरी तबला साधत नाही. याचे कारण पुडीच्या रचनेत आहे. सर्वत्र सारख्या जाडीच्या ताणलेल्या वर्तुळाकार पटलाची कंपने १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा विषम प्रमाणात असतात, म्हणून त्याच्या नादात निश्चित स्वर जाणवत नाही. तबला व मृदंग यांच्या पुडीवरील शाई हे प्रमाण बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एस. कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ साली स्वतंत्रपणे केलेल्या विवेचनातून असे दिसून आले की, शाईच्या भारामुळे पहिले नऊ कंपनप्रकार १ : २ : ३ : ४ : ५ या पाच प्रसंवादी स्वरांत एकत्र येतात. बी. एस. रामकृष्ण व मनमोहन सोंधी यांनी १९५४ साली शाईयुक्त पुडीस संयुक्त पटल मानून या घटनेचा गणिती विचार मांडला.

यावरून प्रयोगाची दिशा निश्चित होते. मूळ स्वर २०० हर्ट्‌झ धरल्यास २००, ४००, ६००, ८०० व १००० हर्ट्‌झवर जुळविलेले पाच अनुनादी फिल्टर समांतर जोडून एकाच स्पंदाने चेतवावेत. त्याऐवजी २००, ३१९, ४२७ व ४५९ हर्ट्‌झवर चार फिल्टर जुळविले, तर शाईविरहित पुडीचा नाद मिळेल. दोन्ही नाद लागोपाठ ऐकले म्हणजे शाईचे कार्य कोणत्याही आकृतीहून अधिक स्पष्टपणे ध्यानी येते. ‘ना’ हा बोल वाजविताना वादक अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवून तर्जनीने चाटेवर आघात करतो. टेकविलेल्या बोटामुळे संपूर्ण पुडी एकदम वरखाली होण्याचे कंपन दबते. आपल्या रचनेत पहिल्या फिल्टरची पातळी कमी केली की तोच परिणाम साधतो. वादकाचे बोटही एका अर्थाने फिल्टरच आहे.

डग्ग्याची गोष्ट याहून अवघड. तेथे मनगटाच्या दाबाने ताण बदलतो आणि नाद निनादत असतानाच स्वर चढतो वा उतरतो. यासाठी फिल्टरची मध्य-कंपनसंख्या व्होल्टेजने नियंत्रित करता आली पाहिजे, आणि ते व्होल्टेज हाताच्या हालचालीबरोबर बदलले पाहिजे. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांच्या १९८२ सालच्या, दहा राग डिस्को ठेक्यावर बसविलेल्या ध्वनिमुद्रिकेत हीच मर्यादा विचार करावयास लावते. त्यांनी टीआर-८०८ बरोबर टीबी-३०३ व ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरली. रागाचे स्वर तेथे एकातून दुसऱ्यात घसरतात, पण ठेका यंत्राचाच राहतो. दोष संगीतकाराचा नव्हे. त्या यंत्राच्या ढोलास हाताचा दाब कळण्याची सोय नव्हती.

तयार ढोलनादांचे संच आज सहज उपलब्ध असल्यामुळे विद्यार्थी हा विचार टाळू शकतो. तथापि संचातून निवडलेला नाद आपल्या संबळाशी वा डग्ग्याशी का जुळत नाही, हे त्याला सांगता येणार नाही. पुडीचे प्रमाण, तिचा क्षयकाल आणि तिच्यावरील हात या तिन्ही गोष्टी ज्याने फिल्टरच्या भाषेत मांडून पाहिल्या, तोच नादातील उणीव नेमकी दाखवू शकेल आणि ती भरूनही काढू शकेल.