रंगीत सांडपाण्यावर विजेचा उपाय

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भाच्या कापसाचं कापड इथेच विणलं जाऊ लागलं. पण कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला सांडपाण्यात जातो. धुऊनही उडू नये असाच तो घडवलेला असल्याने जीवाणूंनाही सहज मोडता येत नाही.

इथे वीज कामी येते. पाण्यात लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बुडवून एकदिश प्रवाह सोडतात. धनाग्रातून धातूचे आयन सुटतात, त्यांचे हायड्रॉक्साइड बनतात आणि त्यांना रंगाचे कण चिकटून गोळे तयार होतात. काही गोळे तळाशी बसतात, काही ऋणाग्रावरच्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर वर येतात. सुती कापडाच्या रंगाईत वापरलेलं मीठ पाण्यात असतंच, त्यामुळे वीज सहज वाहते.

मात्र रंग गेला तरी मीठ राहतं आणि साठलेल्या गाळाची सुरक्षित विल्हेवाट लावावीच लागते. विजेचा आणि झिजणाऱ्या पट्ट्यांचा खर्चही असतो. सांडपाण्यावर संशोधन करणारी ‘नीरी’ ही संस्था १९५८पासून नागपुरातच आहे. विजेने रंग काढण्याचं हे ज्ञान छोट्या रंगाई कारखान्यांना परवडेल अशा रूपात पोचायलाच हवं. नद्यांचं आरोग्य त्यावर अवलंबून आहे.