पशुशवविच्छेदन प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व त्याचे कार्य

गोठ्यातील जनावर अचानक दगावले म्हणजे पशुपालकाचे नुकसान होतेच. परंतु त्याहून मोठी चिंता असते ती मागे उरलेल्या जनावरांची. मृत्यूचे कारण वेळीच कळले, तर उरलेला कळप वाचविता येतो. हे कारण शोधण्याचे काम पशुशवविच्छेदन प्रयोगशाळेत चालते. शव उघडून निदान करणे हे पशुवैद्यकाचे काम होय. तथापि त्या निदानाला लागणारी सर्व सिद्धता तंत्रज्ञाच्या हातून होत असते. हे काम कसे चालते हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण नमुना गावातच बिघडला, तर प्रयोगशाळेतील कोणतेही कौशल्य तो सुधारू शकत नाही.

आपल्या राज्याचा या शास्त्राशी जुना संबंध आहे. मुंबईतील परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा आरंभही १८८९ साली पुण्यातील एका लहान प्रयोगशाळेतून झाला. अत्यंत सांसर्गिक रोगांच्या जंतूंवर काम करावयाचे, तर जागा लोकवस्तीपासून दूर हवी, म्हणून ती प्रयोगशाळा १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. रोगजंतूंविषयीची हीच सावधगिरी आजही प्रत्येक शवविच्छेदन कक्षाचा पहिला नियम आहे.

नोंद व चिठ्ठी

शव अथवा नमुना प्रयोगशाळेत आला की तंत्रज्ञ प्रथम त्याची नोंदवहीत नोंद करतो व त्याला क्रमांक देतो. जनावराची जात, वय, मृत्यूची वेळ, आजाराची लक्षणे, केलेले उपचार, टोचलेल्या लशी व कळपातील इतर जनावरांची स्थिती ही माहिती त्यात येते. हाच क्रमांक प्रत्येक बाटलीवर, काचपट्टीवर व अहवालावर घातला जातो. बाटलीत टाकावयाची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहितात. कारण शाई द्रावणात विरघळून जाते. चिठ्ठी पुसली गेली, तर एका गावचा रोग दुसऱ्या गावच्या नावे लागण्याचा संभव असतो.

शव उघडण्यापूर्वी

जनावर एकाएकी मेले असेल, पोट झपाट्याने फुगले असेल आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त वाहत असेल, तर फाशी या रोगाचा संशय घ्यावा. काळपुळी असेही त्याचे नाव आहे. अशा वेळी शव मुळीच उघडत नाहीत. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून घेतो व टोचलेल्या जागी जंतुनाशकात भिजविलेला कापूस दाबून धरतो. तंत्रज्ञ ती काचपट्टी मेथिलिन ब्ल्यू या रंगाने रंगवितो. निळ्या, चौकोनी टोकांच्या काड्यांभोवती गुलाबी वेष्टन दिसले, तर संशय बळावतो आणि सुरी बाजूला ठेवली जाते.

याचे कारण असे, की बंद शवात हे जंतू कुजण्याच्या क्रियेने लवकर नष्ट होतात; परंतु शव फाडल्यास हवेच्या संपर्काने त्यांचे बीजाणू तयार होतात. हे बीजाणू जमिनीत कित्येक दशके जिवंत राहतात. त्या जागी चरणारी गुरे पुढे पिढ्यान्‌पिढ्या धोक्यात येतात. हा रोग माणसालाही होतो. म्हणून अशा जनावराचे कातडे काढणे वा मांस वापरणे म्हणजे स्वतःच्या घरी रोग नेणे होय.

नमुने घेण्याची रीत

प्राण गेल्याक्षणापासून शव कुजू लागते. मेंढ्यांच्या आंत्रविषारात मूत्रपिंड मऊ पडते; पण शव काही तास उन्हात राहिले, तरी मूत्रपिंड तसेच मऊ होते. मग हा रोगाचा परिणाम की कुजण्याचा, हे ठरविणे कठीण जाते. म्हणून नमुना ताजा असावा लागतो.

प्रत्येक तपासणीसाठी नमुना वेगळ्या रीतीने राखावा लागतो.

१. सूक्ष्मदर्शकाखाली अवयव पाहावयाचा असल्यास त्याचे अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे, दहापट द्रावणात बुडवून ठेवतात. एक भाग बाजारी फॉर्मलिन व नऊ भाग पाणी मिळून हे द्रावण होते. तुकडा जाड असेल, तर द्रावण आतपर्यंत मुरत नाही व मधला भाग कुजतो. असा तुकडा गोठवूही नये. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात.

२. जंतूंची वाढ करून पाहावयाची असल्यास नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर ठेवून पाठवितात. त्याला फॉर्मलिनचा स्पर्शही होता कामा नये. फॉर्मलिनने जंतू मरतात.

३. आंत्रविषाराचा संशय असल्यास लहान आतड्यातील ताजा द्रव घेऊन त्यात क्लोरोफॉर्मचे थोडे थेंब टाकतात.

४. घटसर्पाचा संशय असून शव कुजले असेल, तर पायाचे लांब हाड न फोडता पाठवितात. आतील मगजात जंतू अधिक काळ टिकतात.

तपासणीचा क्रम

फॉर्मलिनमधील तुकड्यातील पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढून घेतात, तुकडा झायलॉलमध्ये ठेवतात व मग वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवितात. या मेणाच्या वडीचे सूक्ष्मच्छेदक यंत्राने सुमारे पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढून, ते काचपट्टीवर चढवून रंगविले जातात. दुसरीकडे जंतूंची वाढ दिसावयास साधारणतः एक ते दोन दिवस लागतात, काही जंतूंना त्याहून अधिक. अहवालास विलंब होतो तो या कारणाने. घाई करून काप जाड काढला वा वाढ अपुरी असता पाहिली, तर निदान चुकते व लस वा औषध भलत्याच रोगाचे दिले जाते.

काही रोगांचे अंतिम निदान भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा तेथील नमुन्यांवरून याच संस्थेने बर्ड फ्लूचे निदान केले. देशातील या रोगाचा तो पहिला उद्रेक होता.

तंत्रज्ञाची सुरक्षितता

पिसाळणे, संसर्गजन्य गर्भपात, क्षय, लेप्टोस्पायरोसिस असे अनेक रोग जनावरांपासून माणसाला होऊ शकतात. म्हणून तंत्रज्ञ रबरी हातमोजे, गमबूट, आवरण व मुखपट्टी यांवाचून कक्षात पाऊल टाकीत नाही. त्याने धनुर्वात व पिसाळण्याच्या रोगाच्या प्रतिबंधक लशी घेतलेल्या असाव्या लागतात. काम संपल्यावर टेबल व हत्यारे आधी धुऊन मगच जंतुनाशक वापरतात. रक्त व चरबी तशीच राहिल्यास जंतुनाशकाचा जोर कमी होतो. मृत जनावर माणसांना चावले होते किंवा त्याला पिसाळलेले कुत्रे चावले होते, ही माहिती गावाने दडवून ठेवल्यास अशा तंत्रज्ञाचा जीव धोक्यात येतो.

गावाने काय करावे

जनावर मरताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अनुसूचित संसर्गजन्य रोगाचा संशय आल्यास तशी खबर देणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये जनावराच्या मालकाचे कर्तव्य आहे. पशुवैद्यक येईपर्यंत शव सावलीत झाकून ठेवावे. कुत्री, गिधाडे व मुले यांना दूर ठेवावे. फाशीचा संशय असल्यास शव जागचे न हलविता झाकावे. कोंबड्या मोठ्या संख्येने मरत असल्यास मेलेली कोंबडी स्वतः घेऊन प्रवास करू नये, प्रथम कळवावे. तपासणीनंतर शव वस्ती व पाणवठ्यापासून दूर, किमान सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. शेजारील चारा व माती दूषित झाली असल्यास तीही त्याच खड्ड्यात जावी.

विमा उतरविलेल्या जनावराच्या बाबतीत शवविच्छेदनाचा अहवाल भरपाईसाठी मागितला जातो, हेही ध्यानी ठेवावे. पुरण्याची घाई केल्यास तो पुरावा मातीत जातो.

तंत्रज्ञाचे काम पशुपालकाच्या दृष्टीस फारसे पडत नाही. परंतु एका मेंढीच्या आतड्यातील थोडासा द्रव वेळेवर व योग्य रीतीने त्याच्या हाती पोचला, तर उरलेल्या कळपाला नेमकी कोणती लस द्यावयाची हे ठरविता येते. तो वेळेवर पोचविणे मात्र गावाच्या हाती आहे.